ल्युअर रंगवायचा पहिला एअरब्रश: वर्षभराच्या वापरानंतर एका नोझलची तक्रार

नोझल तुटलं. ते तुटलं नसतं तर हे लिहायच्या भानगडीत मी पडलो नसतो, कारण तोवर मी या एअरब्रशवर, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशवर, खूश होतो आणि खूश माणूस रिव्ह्यू लिहीत नाही.

सेट कोणत्या नावाचा ते सांगून उपयोग नाही. याच चेहऱ्याचे सेट ऑनलाइन दहा नावांनी विकले जातात. वर कप असलेला डबल अ‍ॅक्शन ब्रश, ०.३ मिमीचं नोझल, हवेची टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर, एक पाइप, एक ड्रॉपर आणि एक पाना. मला चार हजारांच्या थोडा आत पडला. त्या पान्याबद्दल पुढे बरंच बोलायचंय.

घेण्यामागचं कारण निव्वळ हिशेबाचं. मी पेणजवळ राहतो आणि धरमतर खाडीच्या बाजूला गरवायला जातो, मुख्यतः जिताडा या माशासाठी. ओहोटी लागली की उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) खारातलं, म्हणजे बांधाआडच्या खाजणजमिनीतलं, पाणी बाहेर पडतं, त्याच्याबरोबर बोईट माशाची पिल्लं आणि कोळंबी येते, आणि जिताडा तोंडाशी वाट बघत उभा असतो. जागा एक नंबर. फक्त तिथेच खाली दगड, जुन्या लाकडांचे खुंट आणि त्यावर चिकटलेली कालवं. दुकानातला बरा ल्युअर (हुक लावलेला नकली मासा) सातशे-आठशेच्या खाली येत नाही, आणि एका उधाणात दोन अडकून गेले की घरी आकडा सांगायची सोय राहत नाही. म्हणून पांगाऱ्याच्या लाकडाचे ल्युअर घरीच तासायला लागलो. लाकूड हलकं, चाकूला मऊ. लिप, म्हणजे ल्युअरला पाण्यात चाल देणारी तोंडाखालची पट्टी, पॉलिकार्बोनेटची, आतून स्टीलची तार, पोटात शिसं. हुक सोडून शंभराच्या आत काम होतं. पण रंग साध्या ब्रशने द्यायचो, आणि पाठीचा गडद रंग पोटाच्या पांढऱ्याला भेटतो तिथे स्पष्ट रेघ दिसायची. ती रेघ घालवायला एअरब्रश घेतला.

रेघ गेली. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढची चिडचिड एकतर्फी वाटायला नको. बटण खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. वर्तमानपत्रावर ठिपके आणि रेघा मारून हात बसला की लगेच कामाला लागता येतं. माझा पहिला बरा ल्युअर बोईटाचा. आधी सगळीकडे पांढरा बेस, बाजूंना फिकट राखाडी, पाठीवर हिरवट काळा. मग जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंगावर ताणून, खालून कागदाच्या क्लिपा लावून, वरून लांबूनच हलका गडद रंग. ब्रश सरळ समोरून धरायचा. तिरका धरला की रंग जाळीच्या धाग्याखाली शिरतो आणि खवल्याची कड फुटते. रंग वाळल्यावर मच्छरदाणी काढली, खाली एकेक खवला मोजून घ्यावा असा उमटला होता. बायकोला हाक मारून दाखवला. तिने विचारलं, "मच्छरदाणी कुठली कापलीस?"

तर नोझल.

ज्यांनी ते बाहेर काढून बघितलं नसेल त्यांच्यासाठी: तांदळाच्या दाण्याएवढी पितळेची वस्तू, पुढे निमुळती, मागे बारीक आटे. सगळा एअरब्रश म्हणजे हे नोझल आणि त्यात बसणारी सुई. बाकी सगळं हात धरायला. रंग बदलताना कप पुसून पाणी मारलं तरी भागतं, पण अ‍ॅक्रिलिक आत धरायला लागलं की नोझल पान्याने उघडून स्वच्छ करावंच लागतं. पितळ मऊ, आटे केसासारखे बारीक, आणि सोबत दिलेला पाना मात्र बऱ्यापैकी लांब दांड्याचा. त्या दांड्यावर दोन बोटांनी लावलेला जोरसुद्धा त्या आट्यांना जास्त होतो. ज्याने पाना बनवला त्याने नोझल पाहिलं नव्हतं, एवढाच निष्कर्ष निघतो.

आधी कपात बुडबुडे यायला लागले. रंगातून हवा वर येताना दिसली की समजायचं, नोझल नीट बसलेलं नाही किंवा त्याला बारीक चीर गेलीय, आणि हवा मागच्या वाटेने कपात घुसतेय. साफ करून परत बसवलं, बुडबुडे कायम. पुन्हा उघडताना पुढचा निमुळता भाग पान्यासोबत हातात आला आणि आट्यांची कडी आतच राहिली. समोर अर्धवट रंगवलेले ल्युअर टांगलेले, आणि अमावस्येचं उधाण तोंडावर आलेलं.

कस्टमर केअरचा मुलगा बोलायला गोड होता. "सर, नोझल कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही." म्हटलं ठीक, विकत द्या. "सर, सुटं मिळत नाही. पूर्ण एअरब्रश घ्यावा लागेल." पूर्ण ब्रश बाराशेचा. मी विचारलं, झिजणारी वस्तू म्हणता, मग ती झिजल्यावर माणसाने काय करायचं? यावर त्याने मला होल्डवर टाकलं. मग ईमेल केला, फोटो जोडले, अगदी आट्यांच्या कडीचा जवळून काढलेला फोटोसुद्धा. दोन दिवसांनी उत्तर: तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या. दिले नाहीत.

अडकलेली कडी एका सोनाराने काढून दिली. त्याने सगळ्यात बारीक चौकोनी कानस घेतली, तिची निमुळती शेपटी कडीत हलकेच दाबली आणि उलटी फिरवली. चौकोनाचे कोपरे पितळेत रुतले आणि कडी सुटून आली. पैसे घेतले नाहीत, ल्युअर मात्र बराच वेळ हातात फिरवून बघितला.

आणि नोझल मिळालं ते केक मटेरियलच्या दुकानात. आता तालुक्याच्या गावातही केकचे मोल्ड, बोर्ड आणि रंग विकणारं एखादं दुकान असतंच, आणि घरगुती केक करणाऱ्या बायका फाँडंटवर (केकवरच्या साखरेच्या थरावर) शेडिंग करायला हेच एअरब्रश वापरतात. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दुकानातल्या ताईंनी ड्रॉवर उघडला. आत छोट्या पिशव्यांमधून ०.२, ०.३, ०.५ अशी नोझल्स, वेगळ्या सुया, वॉशर, सगळं. दीडशेला एक. "ब्रश आणलाय का? सुई घालून बघू," म्हणाल्या, कारण ०.३ च्या नोझलला ०.३ चीच सुई लागते आणि आटे जुळतात का तेही बसवूनच कळतं. जुळले. मग मला ऐकवलं: "काका, पाना वापरूच नका. आट्यांना किंचित मेण लावा आणि बोटाने लावा. आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन जणी तुटलेलं घेऊन येतात." (मी चव्वेचाळीसचा आहे. काका तर काका.) मेणाने हवेची गळतीही बंद होते. त्यानंतर कपात एकही बुडबुडा नाही. मी तीन नोझल्स घेऊन आलो. एक गोष्ट मात्र पाळा: ल्युअरचा ब्रश ल्युअरलाच; पुढे कधी केकला वापरायचा मोह नको.

त्यामुळे पहिला एअरब्रश कोणता घेऊ, असं कुणी विचारलं तर माझा उलट प्रश्न असतो: त्याचं नोझल तुमच्या गावात किंवा एसटीच्या अंतरावर मिळतं का? मिळत असेल तर घ्या. इवाटा एक्लिप्ससारख्या ब्रशमध्ये नोझलला आटेच नसतात, ते नुसतं जागेवर बसतं आणि वरची टोपी त्याला दाबून धरते. हार्डर अँड स्टीनबेक कंपनीच्या ब्रशचंही तसंच. कल्पना उत्तम, तोडायला काही ठेवलेलंच नाही. पण ब्रशची किंमत दहा हजारांच्या वर आणि सुटं नोझलही हजारांत. ज्याला अजून आपण ल्युअर किती बनवणार हेच ठाऊक नाही, त्याने तिथे जाऊ नये.

मापाबद्दल थोडक्यात. ०.२ च्या वाटेला जाऊ नका, ते चेहऱ्याच्या बारकाव्यांसाठी. आपले क्राफ्टचे अ‍ॅक्रिलिक त्यातून धड जाणार नाहीत. ०.३ वर सगळं होतं, फक्त मोत्यासारखे चमकणारे रंग अडतात, कारण त्यातली चमक म्हणजे मुळात कणच. त्याला ०.५ बरं. खाली बाटली लटकणारे सायफनचे ब्रश मोठ्या पृष्ठभागाला ठीक. त्यांना दाबही जास्त लागतो आणि रंगही. बोटभर ल्युअरला कपातले आठ-दहा थेंब पुरतात.

कॉम्प्रेसरबद्दल माझं मत मधल्या काळात पूर्ण बदललं. उन्हाळ्यात मी मित्रांना छातीठोक सांगायचो की टाकीचा खर्च वाया आहे. टाकी नसली की हवा किंचित ठोके देत येते हे खरं, पण एवढ्याशा ल्युअरवर ते दिसत नाही. मग जुलै आला. इथली पावसाळी हवा दाबली की आधी तापते, पाइपमध्ये निवते आणि तिच्यातलं पाणी सुटतं. ते थेट नोझलमधून, रंगात मिसळून, ल्युअरच्या गालावर थुंकल्यासारखं पडतं. एक ल्युअर तीनदा घासून पुन्हा रंगवला. पाणी अडवणारा छोटा फिल्टर ब्रशच्या तोंडाशी लावला, मधूनमधून कॉम्प्रेसर बंद करून नुसती हवा सोडली, तेव्हा निभावलं. टाकी असती तर बरंचसं पाणी तिथेच निवून तळाशी राहिलं असतं आणि खालच्या बोल्टने काढून टाकता आलं असतं. कोकणात राहणाऱ्याने तीन लिटरच्या टाकीचाच कॉम्प्रेसर घ्यावा, हे आजचं मत.

पेणमध्ये असल्याचा एक फायदा: गणपतीच्या कारखान्यांत हवेवर रंग मारणारी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. ओळखीतले एक मूर्तिकार जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर वापरतात. आवाज जवळजवळ नाही, किंमत भंगारातली. मलाही मोह झाला. पण त्याला दाब ठरावीक झाला की बंद होण्याची सोय मुळात नसते, ती वेगळी बसवावी लागते, आणि हवेबरोबर थोडं तेल येतं. तेलाचा कण पडला की रंग तिथून मागे सरकतो आणि डोळ्यासारखा गोल डाग राहतो. ते म्हणाले, "फिल्टर दोन लाव आणि वीजवाल्याकडून स्विच बसवून घे." विचार सोडून दिला. त्यांनीच दिलेला दुसरा सल्ला मात्र रोज कामी येतो: दाब कमी, अंतर कमी, रंग पातळ. माझं सगळं काम १५ ते २० पीएसआय (दाबाचं माप) एवढ्यावर चालतं.

रंग पातळ म्हणजे किती? दुधाइतका, असं सगळे सांगतात. मी कपाच्या आतल्या भिंतीवर थेंब सोडून बघतो: खाली घरंगळताना मागे पातळ थर राहिला पाहिजे, नुसता ओघळ नको. पाणी आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. उन्हाळ्यात सुईच्या टोकावर रंग वाळायला लागला की ग्लिसरीनचा एखादा थेंब. जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून मगच कपात. इतकं केलं की नोझल उघडायची वेळ क्वचित येते, आणि नोझल न उघडणं हाच त्याला वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. पाण्याचे रंग म्हणून फुप्फुसात गेलेले चालतात असं काही नाही.

वरचा थर मी दोन भागांच्या इपॉक्सीचा देतो आणि ल्युअर सावकाश फिरत्या मोटरवर टांगतो. दमट हवेत इपॉक्सी धुरकट पडतो, म्हणून पावसाळ्यात फक्त रंगवून ठेवायचं आणि थर ऑक्टोबरात.

आता खरा प्रश्न: माशाला यातलं काय कळतं? फिनलंडच्या लौरी रापालाने १९३६ मध्ये आपला पहिला ल्युअर बुचाच्या लाकडाचा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून थर दिला. एअरब्रश नाही, नोझल नाही, आणि पुढे जगभर नाव झालं. माझ्याकडेही सर्वात जास्त जिताडे लागलेला ल्युअर एका बाजूने कालवांवर घासून पांढरा पडलेला आहे. गढूळ पाण्यात मला तरी ल्युअरच्या चालीपुढे रंगाचा फरक जाणवलेला नाही. लिपचा कोन अंशभर चुकला तर मात्र चालीतला फरक जाणवतो. तरीही रंगवणार, कारण संध्याकाळी ते काम बरं वाटतं.

हिशेब असा: सेट चार हजार, नोझल्स साडेचारशे, फिल्टर सहाशे, रंग आणि इपॉक्सी मिळून दोनेक हजार. दुकानातल्या नऊ-दहा ल्युअरचे पैसे. तेवढे माझे कधीच बनवून झालेत, म्हणजे सेट वसूल, असं मी म्हणतो. मजुरी धरायची की नाही, आणि मच्छरदाणी कोणाच्या खात्यात, यावर घरात अजून एकमत नाही.