स्वतःची कादंबरी काढलीत, आता दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहायचं कुठे?

कादंबरी स्वतःच छापली की एक लोच्या होतो. तोवर आपण नुसते वाचक असतो, कुठल्याही पुस्तकाला दोन स्टार देऊन मोकळे, पण आपलं पुस्तक त्याच साइटवर लागलं की तेच दोन स्टार 'हिला दुसऱ्याचं बघवत नाही' असे दिसायला लागतात. आवडलेल्या पुस्तकांबद्दल लिहायची खाज तर जात नाही, मग कुठे लिहायचं? माझा जवळपास सगळीकडे हात मारून झालाय.

आधी गुडरीड्स (वाचलेल्या पुस्तकांना स्टार आणि रिव्ह्यू द्यायची साइट) आणि ॲमेझॉन, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. 2013 पासून गुडरीड्स ॲमेझॉनच्याच मालकीचं आहे, म्हणून वाटतं दोन्हीकडे सारखंच असेल, पण तसं नाहीये. गुडरीड्सच्या हिशोबात तीन स्टार म्हणजे 'आवडलं', चक्क आवडलं, आणि दोन म्हणजे 'ठीक होतं'. तेच तीन स्टार ॲमेझॉनवर टाकले की रिव्ह्यू टीकेच्या रांगेत जाऊन बसतो. मी हे न बघता एका नवख्या लेखकाच्या पुस्तकाला दोन्हीकडे तीन-तीन स्टार दिले, वर चांगलं चार परिच्छेद कौतुक! गुडरीड्सवर त्याला तोवर चारच रेटिंग होती, चारही पाचची, माझ्यामुळे 5.00 चं 4.60 झालं. नावाजलेल्या लेखकाला हजारांत एक तीन आला तर पत्ताही लागत नाही, आपल्यासारख्यांच्या बाबतीत मात्र ते पहिल्या नजरेत भरतं. तेव्हापासून गुडरीड्सवर मी स्टार न देता फक्त लिहिते, तिथे ते चालतं, ॲमेझॉनवर स्टारशिवाय रिव्ह्यू पुढेच सरकत नाही.

ॲमेझॉनचा दुसरा प्रॉब्लेम ओळखीपाळखीचा. लेखकांनी दुसऱ्या लेखकांवर लिहायला त्यांची हरकत नाही, पण वैयक्तिक संबंध असतील किंवा पुस्तकाच्या कामात तुमचा हात असेल, म्हणजे संपादन, चित्रं, सहलेखन असं काही, तर रिव्ह्यू टाकायचा नाही. 'तू माझं वाच, मी तुझं वाचते' हेही बंद. आता स्वतः छापणाऱ्यांचं वर्तुळ केवढं असतं? आपण एकमेकांचीच पुस्तकं तपासून देत असतो, त्यामुळे ज्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं त्यातली निम्मी तिथेच बाद.

स्टोरीग्राफ ही गुडरीड्ससारखीच साइट, मला वाचक म्हणून जास्त आवडते, पाव स्टारसुद्धा देता येतो, आणि पुस्तकाचा मूड कसा, वेग कसा हे वेगळं नोंदवता येतं, जे खरं तर निवडणाऱ्याला स्टारपेक्षा जास्त कामाचं असतं. इन्स्टाग्रामवर मुखपृष्ठाचा फोटो छान दिसतो, पण कॅप्शनमधली लिंक क्लिक होत नाही, त्यामुळे 'लिंक बायोमध्ये' करत बसा.

आणि शेफर्ड, लेखकांनी पुस्तकं सुचवायची साइट. इथे रेटिंगची भानगडच नाही. लेखक एक विषय घेऊन त्यावरची आवडती पाच पुस्तकं सुचवतो, प्रत्येक का आवडलं ते थोडक्यात सांगतो, आणि सोबत त्याचं स्वतःचं पुस्तक दिसतं. म्हणजे दुसऱ्यांचं कौतुक आणि आपली जाहिरात एकाच पानावर, तेही न लाजता. फक्त विषय अरुंद हवा: 'चांगल्या रहस्यकथा' असं लिहिलंत तर कोण वाचणार, 'खुनी पहिल्याच पानावर कळतो तरी पुस्तक खाली ठेववत नाही अशी पाच' म्हटलं की लोक थांबतात. कालच वाचून संपवलेल्या पुस्तकावर उसळून लिहायचं असेल तर मात्र ही जागा नाही.

तर पहिलीच कादंबरी असेल आणि वेळ कमी असेल तर शेफर्डसाठी पाचाची एक यादी करा. सतत वाचत असाल तर गुडरीड्सवर स्टार न देता लिहा आणि आवडत्यांचं वेगळं शेल्फ (म्हणजे तिथली यादी) ठेवा, कारण लेखक म्हणून प्रोफाइल घेतलंत की तुमची पुस्तकं आणि तुमचे रिव्ह्यू एकाच ठिकाणी दिसतात, तुमची कादंबरी आवडलेला माणूस पुढे काय वाचावं म्हणून तिथेच डोकावतो. ॲमेझॉनवर मी फक्त अनोळखी लेखकांबद्दल लिहिते, आणि पाच स्टार मनापासून देता येत असतील तरच, नाहीतर गप्प बसते.