सोनी झेडव्ही-ई१० की कॅनन लेग्रिया एचएफ जी७०?

शाळा-कॉलेजातल्या मीडिया विभागाचं बजेट तुटपुंजं असतं, त्यामुळे कॅमेरा निवडताना आधी पाहावं की तो कोणाच्या हातात जाणार आहे.

२०२१ साली आलेल्या झेडव्ही-ई१० चा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) मोठा, एपीएस-सी आकाराचा. संध्याकाळच्या उजेडात मुलाखत घ्या, चेहरा उठून दिसतो, मागचं धूसर होतं. लेन्स बदलता येते, म्हणून छिद्रमान (लेन्समधून किती प्रकाश आत येतो), फोकल लेन्थ (दृश्य किती जवळचं वा रुंद दिसतं) हे मुलं हाताने शिकतात. पण सोबतच्या १६-५० मिमी लेन्सला झूम जेमतेम तिप्पट. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून वक्ता मुंगीएवढा दिसतो! शिवाय बॉडीत स्टॅबिलायझेशन (सेन्सर हलवून चित्राचा थरथराट थांबवणारी यंत्रणा) नाही, आणि सलग ४के (अतिस्पष्ट व्हिडिओ) शूटिंगमध्ये तो तापतो.

जी७० हा कॅमकॉर्डर, म्हणजे खास व्हिडिओसाठीचा कॅमेरा. त्याचा सेन्सर इवलासा, अंधारात चित्र दाणेदार होतं. मात्र २० पट ऑप्टिकल झूम, दोन कार्ड स्लॉट. एक कार्ड भरलं की रेकॉर्डिंग आपोआप दुसऱ्यावर सुरू. स्नेहसंमेलन, व्याख्यानं, वादविवाद यांसाठी हाच घ्यावा.

माइक आणि हेडफोनचं सॉकेट दोन्हींत आहे. (हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा.)

एकच घेणं परवडत असेल आणि शॉर्टफिल्म शिकवायची असेल, तर मी झेडव्ही-ई१० घेईन. उरलेल्या पैशांत आधी कॉलर माइक आणि मजबूत ट्रायपॉड, जादा लेन्स पुढच्या वर्षी.