मर्लिनचा फोटो आयडी: छोट्या पक्ष्यांसाठी कितपत कामाचा?

पक्ष्याचा फोटो टाकला की नाव सांगणारी बरीच अ‍ॅप आहेत, त्यातलं मर्लिन मी सगळ्यात जास्त वापरतो. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचा पॅक एकदा डाउनलोड केला की नेट नसतानाही चालतं. फोटो मोठा करून पक्षी चौकटीत बसवायचा, तारीख आणि ठिकाण द्यायचं, की संभाव्य नावं येतात.

आता मुद्द्याचं. बंड्या, खाटीक, दयाळ असले ठसठशीत पक्षी कुठलंही अ‍ॅप ओळखेल हो, त्यात काय कौतुक. खरी परीक्षा शिंजीराची (सनबर्डची) मादी, तीरचिमण्या (पिपिट) आणि ते सगळे मातकट-हिरवट वटवटे (वॉर्बलर). मर्लिन इथे मला उपयोगी वाटतं ते नाव सांगतं म्हणून नाही, तर नावाखाली नर, मादी, पिल्लू असे वेगवेगळे फोटो दाखवतं म्हणून. शिंजीराची मादीच घ्या, जांभळ्या शिंजीराची असेल तर गळ्यापासून पोटापर्यंत पिवळसर झाक सलग उतरते, जांभळ्या पाठीच्या शिंजीराची असेल तर गळा राखाडी-पांढरट आणि पिवळा रंग छातीपासून सुरू. हे शेजारी-शेजारी ठेवून बघितलं की दोन मिनिटांत निकाल लागतो.

पर्णवटवट्यांचं (पानांत वावरणारे वटवटे, ग्रीनिश वॉर्बलर आणि चिफचॅफ त्यातलेच) मात्र अवघड आहे आणि त्यात अ‍ॅपला दोष देऊन उपयोग नाही. ग्रीनिश वॉर्बलरच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते पण पिसं झिजली की तीही दिसेनाशी होते, चिफचॅफचे पाय काळे असतात पण फोटोत पाय हमखास पानामागे, आणि झाडीतल्या उजेडात पांढरं पोटसुद्धा हिरवट-पिवळं दिसतं. शिवाय चिफचॅफ सारखी शेपटी खाली झटकत असतो, ते स्थिर फोटोत येणार कसं? तीरचिमण्यांचंही तेच, मागच्या बोटाची नखी किती लांब आहे ते बघायचं असतं आणि नेमकी तीच गवतात.

म्हणून तारीख-ठिकाण टाळू नका, छोट्या पक्ष्यांच्या बाबतीत अर्धं काम तिथेच होतं कारण त्या महिन्यात त्या भागात न सापडणारी नावं आपोआप मागे पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो असेल तर जास्तच सांभाळा, त्यातली लोकेशनची माहिती उडालेली असते आणि बारीक तपशीलही दाबले गेलेले असतात. मित्राने पाठवलेल्या फोटोला आजची तारीख आणि आपलं गाव लावून नाव विचारायचं म्हणजे कोणाची तरी पत्रिका कोणाला तरी जुळवणं.

आधी मी दुसरं एक अ‍ॅप वापरायचो, नाव नाही घेत. पाठमोऱ्या, धूसर वटवट्यालाही ते एकच नाव मोठ्या थाटात द्यायचं, पुढे नव्वद-पंचाण्णव टक्के वगैरे आकडा. ते टक्के बघून ग्रुपवर काय भांडणं व्हायची! काढून टाकलं.

मर्लिनने दोन-तीन सारखीच नावं दिली आणि फोटोत पाय, पंख, शेपटीची खालची बाजू यातलं काहीच दिसत नसेल तर मी जातीचं नाव लावत नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नुसतं ‘पर्णवटवट्या, जात नक्की नाही’ अशा अर्थाची नोंद करता येते, आयनॅचरलिस्ट या सगळ्या जीवांच्या नोंदींच्या साइटवरही जातीच्या वरच्या पातळीवर (genus) थांबून फोटो ठेवता येतो, मग जाणकार येऊन बघतात. आयनॅचरलिस्टवर नाव पक्कं व्हायला ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत लागतं, त्यामुळे एकट्याच्या ठाम मताला फार भाव नाही, हे मला आवडतं.

फोटो काढताना एकच छान फ्रेम धरून बसू नका, पक्षी वळला की परत क्लिक करा, पाय दिसणारा धूसर फोटोसुद्धा ठेवा. आणि तो ओरडत असेल तर मर्लिनमध्येच आवाजावरून पक्षी ओळखणारं साउंड आयडी आहे, ते लगेच चालू करा, वटवट्यांसाठी फोटोपेक्षा आवाजावर माझा जास्त भरवसा आहे.