आरोग्य विम्याचे सोळा महिने: कार्ड खिशात, डॉक्टर लातुरात

ऑगस्ट २०२४ मध्ये मी आई, पत्नी, मुलगा आणि स्वतःसाठी मिळून ५ लाख रुपयांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी घेतली. आम्ही परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या दक्षिणेकडील एका तालुक्याच्या गावी राहतो. गावाभोवतीच्या शेतांचे प्लॉट पडले, मुलांच्या शिकवण्यांसाठी खेड्यांतील कुटुंबे येथे येऊन राहिली. परंतु एमडी फिजिशियन दहा वर्षांपूर्वी एक होते आणि आजही एकच आहेत. हाडांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा बाहेरून येऊन एका औषध दुकानाच्या मागील खोलीत रुग्ण तपासतात. त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. सगळे त्यांना ‘गुरुवारचे डॉक्टर’ म्हणतात.

कंपनीने फसवले, असे मी म्हणणार नाही, कारण दोन्ही दाव्यांचे पैसे मिळाले. मात्र पॉलिसी निवडताना मी हप्ता, बोनस आणि नेटवर्क रुग्णालयांची (कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांची) एकूण संख्या पाहिली. आमच्या गावाहून प्रत्यक्ष कोठे जाता येईल आणि तेथे कोणता डॉक्टर असेल, हे पाहिले नाही. यादीत हजारो रुग्णालये होती आणि आमच्या तालुक्यातले एकही नव्हते.

पहिला दावा नोव्हेंबर २०२४ मधला, मुलाच्या डेंग्यूचा. प्लेटलेट्स उतरल्यामुळे त्याला गावातील बारा खाटांच्या खासगी रुग्णालयात चार दिवस ठेवावे लागले. जानेवारी २०२४ पासून नेटवर्कबाहेरील रुग्णालयातही कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याची सोय, मिळू शकते, हे मी वाचले होते. पण त्या सोयीसाठी रुग्णालय किमान १५ खाटांचे असावे लागते. दुसरीकडे, दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात दहा खाटांचे नोंदणीकृत रुग्णालयही पॉलिसीच्या व्याख्येत ‘रुग्णालय’ ठरते. म्हणजे बारा खाटांच्या रुग्णालयाचे बिल कंपनी देणार, पण आधी ते मी भरायचे. आमच्यासारख्या गावांतील बहुतेक दवाखाने याच फटीत सापडतात.

३१,६०० रुपये भरून मी कागदपत्रे पाठवली. पंधरा दिवसांनी कंपनीची शंका आली, की नोंदणी प्रमाणपत्रावरील खाटांची संख्या वाचता येत नाही. ते प्रमाणपत्र काउंटरच्या मागे भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये लावलेले होते आणि मी काढलेल्या फोटोत नेमक्या त्या ओळीवर ट्यूबलाइटचा पट्टा चमकत होता. कंपाउंडरने स्टुलावर चढून फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, तेव्हा कुठे झेरॉक्स मिळाली. एकूण ४७ दिवसांनी २७,९०० रुपये खात्यावर जमा झाले.

दुसरा प्रसंग सप्टेंबर २०२५ च्या अखेरीचा. मराठवाड्यात अतिवृष्टी चालू होती, जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला होता आणि गंगेला (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) पूर आल्याने परभणीकडील वाट बंद झाली होती. गाव बेटासारखे झाले असताना शुक्रवारी सकाळी आई ओल्या शहाबादी फरशीवरून घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. गुरुवारचे डॉक्टर आदल्या दिवशीच येऊन गेले होते. ते असते तरी शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञ गावात नाही. खासगी रुग्णवाहिकेने फेऱ्याच्या रस्त्याने लातूर गाठायला साडेचार तास लागले. रुग्णवाहिकेचे ९,५०० रुपये झाले आणि पॉलिसीत त्यासाठी २,००० रुपयांचीच मर्यादा आहे.

लातूरचे रुग्णालय नेटवर्कमध्ये होते. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हावा, असे विमा नियामकाचे २०२४ चे परिपत्रक सांगते. येथे पहिलाच निर्णय अडला आणि त्याचे कारण माझ्या कायम लक्षात राहील. आईने दाखल होताना सांगितले होते, “पडल्यावर डोळ्यापुढं अंधारी आली.” दाखल-पत्रावर लिहिले गेले, ‘चक्कर येऊन पडल्या’. आईला मधुमेह आहे, तो मी अर्जात नमूद केला होता आणि त्यासाठी पॉलिसीत ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी चालू आहे, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही. अपघाताला असा कालावधी लागू नसतो. पण चक्कर साखरेमुळे आली असे ठरले असते, तर संपूर्ण दावा वादात सापडला असता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आईशी पुन्हा बोलून पडण्याचे कारण स्पष्ट करणारे पत्र दिले, तेव्हा दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. रुग्ण दाखल करताना तो कागद आपण स्वतः वाचावा, हे मला कोणत्याही एजंटाने सांगितले नव्हते.

बिल २,३८,००० रुपये झाले आणि मंजूर झाले १,९८,५००. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये होती आणि रिकामी खोली ६,५०० ची मिळाली. सहा दिवसांचा फरक ९,००० रुपयांचा, एवढेच मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया, भूल आणि शुश्रूषा यांच्या आकारातूनही त्याच प्रमाणात (६,५०० मागे १,५००), म्हणजे सुमारे २३ टक्के, कपात झाली. औषधे आणि बसवलेले इम्प्लांट या कपातीतून वगळलेले असतात, हे त्यातल्या त्यात बरे. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचे ८,६०० रुपये वेगळे गेले.

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व कुटुंबांना ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, मग खासगी पॉलिसी कशाला, असे शेजारी विचारतात. त्या योजनेतही उपचार ठरलेले आणि रुग्णालये अंगीकृतच, म्हणजे योजनेत सामील असलेलीच, असावी लागतात, त्यामुळे डॉक्टर नसण्याची अडचण तेथेही तशीच राहते. गावात एकटा सर्जन येऊन भागत नाही. त्याला भूलतज्ज्ञ लागतो, जवळ रक्तपेढी लागते, रात्री थांबणारी प्रशिक्षित परिचारिका लागते. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले, तेथील पहिली तुकडी अजून एमबीबीएसच शिकते आहे.

रोजच्या आजारपणाला तर या पॉलिसीचा स्पर्शही होत नाही. आईच्या साखरेच्या तपासण्या, परभणीच्या फेऱ्या, जीपचे भाडे आणि बुडालेला दिवस हा सगळा खर्च दाखल न होता होणारा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मी ४१,००० रुपये हप्ता आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७,३८० रुपये भरून नूतनीकरण केले. २२ सप्टेंबरपासून हा कर शून्य झाला. महिनाभराने हुकले, याची खंत पत्नी अजून बोलून दाखवते.

पॉलिसी मी सोडणार नाही. पुढच्या वेळी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्यायची आणि लातूर व नांदेड या दोन्ही दिशांना नेटवर्क रुग्णालय असलेली कंपनी पाहायची, एवढे ठरले आहे. पोर्ट करताना, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेताना, आईच्या प्रतीक्षा कालावधीचे झालेले महिने धरले जातात. मात्र नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो, म्हणून जूनच्या कॅलेंडरवर आतापासूनच खूण करून ठेवली आहे.