डीएचईए २५ एमजी : काही महिन्यांचा अनुभव, आणि रिफंड अजून लटकलेलाच

डीएचईए म्हणजे शरीरातच बनणारं एक हार्मोन, कॅप्सूलमध्ये सप्लिमेंट म्हणून विकतात. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक कॅप्सूल, एवढंच, जास्त त्यात जात नाही. लिहायला बसलो कारण कंपनीच्या कस्टमर केअरने आज परत तेच कॉपी-पेस्ट उत्तर पाठवलं, "सील उघडलं असल्यास मनी-बॅक लागू नाही". अरे बाबा, सील न उघडता गोळी लागू पडली की नाही हे कळणार कसं?

माझा शुक्राणूंचा काउंट बॉर्डरलाइनवर होता आणि लेबलवर "टेस्टिक्युलर फंक्शन सपोर्ट", म्हणजे वृषणाच्या कामाला मदत, असं ठळक छापलेलं, म्हणून न्यू जर्सीच्या मेव्हण्याकडून मागवली. तिकडे हे व्हिटॅमिनच्या शेजारी रॅकवर मिळतं. १९८५ ला एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषध नियंत्रण खात्याने, दुकानांतून काढायला लावलं होतं, मग १९९४ चा सप्लिमेंटचा कायदा आला आणि सरळसरळ हार्मोन असूनही परत रॅकवर. आपल्याकडे केमिस्टला विचारलं तर भर गिऱ्हाइकांत म्हणतो, "वहिनींसाठी का?" कारण इथे आयव्हीएफवाले ते बायकांना लिहून देतात, २५ ची दिवसातून तीनदा. जाऊ दे.

आता बाटली. पांढरी, आतलं दिसत नाही अशी, आणि एवढी मोठी की पाव किलो जिरं आरामात मावेल. उघडली तर वर कापसाचा बोळा, त्याखाली सिलिका जेलची पुडी, आणि तळाला कॅप्सूल, तिसरा हिस्सासुद्धा भरलेली नाही! आपण पैसे हवेचे देतोय का? मेव्हण्याच्या बॅगेत त्या जागेत बदामाचं एक पाकीट बसलं असतं. बायको म्हणते सोडा आता, पण मी कंपनीला फोटो पाठवले, स्केल लावून. उत्तर नाही.

बाकी पहिले काही आठवडे खरं सांगतो मजेत गेले. झोप बरी, सकाळी उठायला कटकट नाही, मूड चांगला. साइड इफेक्ट एवढाच की कपाळ तेलकट आणि पाठीवर पुटकुळ्या, चव्वेचाळीसाव्या वर्षी, त्यावर बायको, "कॉलेजला ॲडमिशन घेतलीत का?" तरी तेव्हा मी चार स्टार देणार होतो.

अपडेट : वरचं तसंच ठेवतो, पण रिपोर्ट आले आणि चारचा दीड झाला. डीएचईए-एस (डीएचईएचं रक्तात फिरणारं सल्फेट रूप) भरपूर वाढलंय, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जवळपास होतं तिथेच, एस्ट्राडिओल (इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन) थोडं वर. काउंट जैसे थे, आणि तोही घाईत केलेला नाही, शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम थांबून करायला लावला. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्तही सकाळी आठच्या सुमारालाच दिलं होतं. या टेस्टांचं बिल बाटलीच्या कितीतरी पट, ते कोण देणार?

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. वृषणात लेडिग पेशी असतात, त्या कोलेस्टेरॉलपासून पायरी-पायरीने टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि डीएचईए ही त्यातलीच मधली एक पायरी. म्हणजे पेशी ते स्वतःच बनवतात. पेशी काढून काचेच्या भांड्यात ठेवल्या आणि वरून डीएचईए घातलं तर त्या त्याचं टेस्टोस्टेरॉन करतात, जाहिरातवाले नाचतात ते एवढ्यावरच. पण आपण गिळतो ते आधी आतडं आणि लिव्हरमधून जातं, बहुतेक सगळं सल्फेट होऊन रक्तात फिरत बसतं, काहीचं चरबीत इस्ट्रोजेन होतं. बायकांमध्ये मुळात टेस्टोस्टेरॉन कमी म्हणून तिथे वाढ दिसते, पुरुषाचे वृषण रोज ५ ते ७ मिलिग्रॅम बनवतात, त्यात या गोळीची भर कुठे दिसणार. आणि लेडिग पेशी काम करतात ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच नावाचं हार्मोन आलं की. ऑर्डरच नाही तर कणकेचं पोतं वाढवून पोळ्या वाढतात का? उलट बाहेरून हार्मोन वाढलं असं पिट्युटरीला वाटलं तर ती एलएच कमी करते, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचा काउंट झोपतो तो असाच. माझं एलएच नॉर्मलमध्येच आहे, सुदैव.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलवाल्यांनी वयस्कर लोकांना डीएचईए दोन वर्षं देऊन बघितलं होतं, पुरुषांना रोज ७५ मिलिग्रॅम. रक्तातला आकडा वाढला. ताकद, चरबी, आयुष्याची क्वालिटी, कशात म्हणावा असा फरक नाही. माझ्या रिपोर्टचीच मोठी आवृत्ती. मग झोप का सुधारली? तेव्हाच रात्रीचा चहा बंद केला होता, असं बायकोचं म्हणणं. असेल.

लेबलवरच्या त्या ठळक ओळीला एक चांदणी आहे, तिची तळटीप मागे, "हे विधान एफडीएने तपासलेलं नाही". अक्षर इतकं बारीक की मोबाईलने फोटो काढून झूम करावा लागला. बाटलीवर जागा कमी होती म्हणावं तर तीही नाही.

उरलेल्या कॅप्सूल शेजारचा पैलवान पोरगा मागत होता, "काका, टाकण्यापेक्षा मला द्या". साफ नाही म्हटलं. वाडाच्या, म्हणजे खेळातल्या डोपिंगवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत हे आहे, प्रास्टेरॉन नावाने, सॅम्पलमध्ये सापडलं तर "काकांनी दिलं" हे कोणी ऐकणार नाही. तर पोरगा म्हणतो, मग प्रोटीनचा कुठला चांगला ते तरी सांगा.