डबा टीव्हीला फायर स्टिक: कन्व्हर्टर घ्यावा, एव्हीवाला बॉक्स घ्यावा की सरळ नवा टीव्ही?

देवरूखला आई-बाबांकडे 21 इंची डबा टीव्ही आहे, 2005 चा, आणि अजून ठणठणीत चालतो. केबल कधीच बंद केली, आता घरात फायबरचं वायफाय आलंय, आणि आई रोज दुपारी मोबाईलवर मान वाकवून कीर्तनं बघत बसते. तिची मान दुखायला लागली तेव्हा मी मनावर घेतलं की हे सगळं टीव्हीवर दिसलं पाहिजे. दोन महिन्यांत तीन वेगवेगळे प्रकार करून बघितले, त्याच्या आसपास मामाच्या जुन्या एलसीडीचं आणि भावाच्या मॉनिटरचंही काम केलं, त्यामुळे जे कोणी याच विचारात आहेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट करा, टीव्ही भिंतीपासून पुढे ओढा आणि पाठीमागचा फोटो काढा. टीव्ही किती जुना आहे यावर काही ठरत नाही, मागे कुठली भोकं आहेत त्यावर सगळं ठरतं. एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारं भोक, हा प्रकार 2002 च्या शेवटी आला आणि आपल्या घरांत तो एलसीडी टीव्हीबरोबर शिरला, डबा टीव्हीला तो सहसा नसतोच. तिथे पिवळं-पांढरं-लाल एव्ही असतं, पिवळ्यातून चित्र आणि पांढऱ्या-लालातून आवाज. पुष्कळ स्वस्त मॉडेलना आवाजाचं एकच भोक असतं. आणि फारच जुना असेल तर फक्त अँटेनाची पिन.

मागे एचडीएमआय असेल तर तुमचा प्रश्न सुटलाच म्हणून समजा. मामाकडचा 32 इंची एलसीडी 2009 चा, फायर स्टिक (एचडीएमआयच्या भोकात बसणारी छोटी कांडी, वायफायवरून यूट्यूब आणि बाकीची अॅप टीव्हीवर दाखवते) लावली आणि पाच मिनिटांत चालू. फक्त स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, तिथून बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो आणि स्टिक मधेच बंद पडून परत चालू होत राहते, बरोबर आलेला अॅडाप्टरच वापरा. असा टीव्ही ज्यांच्याकडे आहे त्यांनी नवा स्मार्ट टीव्ही घ्यायची अजिबात घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भावाच्या मॉनिटरला व्हीजीए (कॉम्प्युटरचं जुनं, फक्त चित्राचं भोक) होतं, तिथे एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागतो आणि व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून घेताना हेडफोनचं भोक असलेलाच कन्व्हर्टर घ्या आणि त्याला स्पीकर लावा.

आता खरा घोळ डबा टीव्हीचा. इथे तीन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, मी साडेचारशेला घेतली. स्टिक थेट तिच्यात बसते, दुसऱ्या बाजूने तीन रंगांची वायर टीव्हीला जाते. घेताना नाव दोनदा वाचा, कारण एव्ही टू एचडीएमआय नावाची हुबेहूब तशीच डबी मिळते आणि ती बरोबर उलटं काम करते, दुकानदारसुद्धा चुकीची हातात देतात. आणि एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला तीन पिना अशी नुसती वायर 150 रुपयांत दिसेल, ती घेऊच नका, स्टिकमधून डिजिटल सिग्नल निघतो आणि टीव्हीला अॅनालॉग लागतो, मधे बदलणारं सर्किटच नसेल तर काहीही दिसणार नाही.

मी सगळं जोडलं आणि चित्र आलं ते काळं-पांढरं. बाबा म्हणाले, "गेली गो ट्यूब." ट्यूबला काही झालं नव्हतं. डबीच्या कडेला नखाएवढा खटका असतो, एका बाजूला एनटीएससी आणि दुसऱ्या बाजूला पॅल (रंगीत चित्र पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती), आणि तो कारखान्यातून एनटीएससीवर आलेला. आपल्याकडे 1982 ला रंगीत प्रसारण सुरू झालं ते पॅलमध्ये, त्यामुळे आपले जुने टीव्ही पॅल हमखास समजतात, एनटीएससी सगळ्यांना जमेलच असं नाही. सेफ्टी पिनेच्या टोकाने खटका सरकवला, एकदा चित्र थरथरलं आणि रंग आले. त्यामुळे तुमच्याकडे चित्र काळं-पांढरं दिसलं किंवा खालून वर फिरायला लागलं तर आधी हा खटका बघा.

आवाज नाही आला तर स्टिकच्या सेटिंगमध्ये ऑडिओत जाऊन सराउंड साउंडच्या जागी पीसीएम, म्हणजे साधा आवाज, करा. या स्वस्त डब्यांना डॉल्बी (सराउंड आवाजाचा प्रकार) कळत नाही, त्यामुळे मेनूचा टिकटिक आवाज येतो आणि पिक्चर लावला की सगळं मुकं. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर नुसती पांढरी पिन लावून ठेवू नका, डाव्या बाजूचाच आवाज येतो आणि गाण्यातलं अर्धं वाद्य गायब होतं, दोनाची एक करणारी छोटी वायर मिळते ती लावा, आईच्या भजनातला पखवाज मला त्यानंतरच नीट ऐकू आला.

दुसरी भानगड म्हणजे कॉपी संरक्षणाची. स्टिक आणि पुढचं यंत्र एकमेकांची ओळख पटवतात, काही डब्यांना ती पटवता येत नाही. मग यूट्यूब व्यवस्थित चालतं पण पैसे भरून घेतलेल्या अॅपवर काळा पडदा किंवा एरर. माझी पहिली डबी अशीच निघाली, परत केली आणि दुसरी घेतली ती चालली. वरून बघून हे कळत नाही, म्हणून परत घेणाऱ्या ठिकाणाहूनच घ्या आणि घरी आल्या आल्या तुमचं नेहमीचं अॅप लावून बघा, नुसत्या यूट्यूबवर समाधान मानू नका.

आणि चित्राचा आकार. स्टिक 16:9 चं, म्हणजे रुंद चित्र पाठवते, डबा टीव्ही 4:3 चा, म्हणजे चौकोनी, आणि बहुतेक डब्या चित्र सरळ कोंबून बसवतात, मग सगळी माणसं उंच आणि बारीक दिसतात. टीव्हीच्या मेनूत 16:9 असेल तर ते करा, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि माणसं परत माणसासारखी दिसतात, पण पडद्याची पाव उंची त्या पट्ट्यांत जाते. वर पॅलच्या चित्राच्या आडव्या ओळीच 576, त्यामुळे बारीक अक्षरं वाचायची आशा सोडा. कीर्तनकाराचा चेहरा छान दिसतो, जुनी गाणी तर फार छान दिसतात, ट्यूबचे रंग आहेत शेवटी. पण क्रिकेटच्या स्कोअरची पट्टी बाबांना खुर्ची सोडून जवळ जाऊन वाचावी लागते, त्यात कडेचं थोडं कापलंही जातं.

दुसरा रस्ता, एव्ही आउट असलेला अँड्रॉइड बॉक्स. यात मधली डबी जाते, एक अॅडाप्टर कमी होतो, आणि बॉक्सलाच पॅल करता येतं. ऐकायला हे जास्त सुटसुटीत वाटतं आणि मलाही तसंच वाटलेलं. पण बॉक्सला हेडफोनसारखं भोक दिसलं म्हणजे त्यातून चित्र येतंच असं नाही, काहींमध्ये ते नुसतं आवाजासाठी असतं. आणि चित्र येत असेल तरी त्याची वायर कुठलीही चालत नाही, पिनेवरच्या कड्यांचा क्रम वेगवेगळा असतो, चुकीची लागली की चित्राऐवजी गुरगुर ऐकू येते (जुन्या कॅमेऱ्याची वायर लावून मी हे बघितलंय). बॉक्सबरोबर आलेलीच वायर जपून ठेवा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. स्वस्तातले बिननावाचे बॉक्स टीव्हीसाठी नाही तर मोबाईलसाठी असलेलं अँड्रॉइड घालून विकतात, रिमोटवर उंदरासारखा बाण फिरवावा लागतो, आईला ते चार दिवसांतही जमलं नाही आणि तिचं काही चुकत नव्हतं. मोठी पेड अॅप त्यावर नीट चालत नाहीत कारण बॉक्सला मान्यता नसते. आणि अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर भरून आल्याचं 2023 मध्ये उघड झालं होतं, घरातल्या वायफायवर बँकेचे व्यवहार करणारे मोबाईलही असतात, त्यामुळे मी तो बॉक्स काढून टाकला आणि कोणाला घ्या म्हणणार नाही. डीटीएचवाल्यांचे अँड्रॉइडचे बॉक्स असतात त्यातल्या काहींना एव्ही आउट आहे, तो मात्र चांगला पर्याय, विशेषतः तुम्हाला चॅनेलही हवे असतील तर, कारण लावायला माणूस घरी येतो आणि एकाच रिमोटवर सगळं होतं. कनेक्शन घेण्याआधी एव्हीची वायर बरोबर मिळणार का एवढं नक्की विचारा.

तिसरा रस्ता नवा 32 इंची टीव्ही. दहा हजारांच्या आसपास साधा मिळतो. लोक म्हणतात वीज वाचते, तर मी हिशोब केला. आमच्या डब्याच्या लेबलवर 85 वॅट आहे, नव्याच्या खोक्यावर 50 वॅट होतं, रोज पाच तास धरले तर महिन्याला पाच-सव्वापाच युनिट वाचतात. म्हणजे विजेसाठी नवा टीव्ही घ्यायची काहीच गरज नाही. घ्यायचाच तर अक्षरं वाचता यावीत म्हणून घ्या, क्रिकेटसाठी, बातम्यांसाठी, सबटायटलसाठी. मागे फक्त अँटेनाची पिन असेल तरीही माझं मत नवा घ्या असंच, कारण तिथे कन्व्हर्टरच्या पुढे आणखी एक मॉड्युलेटर (एव्हीचं चित्र अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारा) लावावा लागतो आणि एवढी साखळी लावून हाती येणारं चित्र बघवत नाही.

कन्व्हर्टरच ठरवलात तर दोन-तीन गोष्टी. टीव्ही, स्टिक, डबी अशी तीन पॉइंटची गरज पडते, एक्स्टेंशन बोर्ड आधीच आणून ठेवा. अॅपमध्ये क्वालिटी कमी करा, पडद्यावर तेवढंच दिसणार आहे तर एचडीचा डेटा फुकट का घालवायचा, नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे एसडीला (साध्या क्वालिटीला) तासाला 1 जीबीपर्यंत आणि एचडीला 3 जीबीपर्यंत डेटा लागतो. सेटिंग बदलताना पडदा काळा झाला तर फायर स्टिकच्या रिमोटवर वरचं बटण आणि रिवाइंड एकत्र पाच सेकंद दाबून धरा, ती एकेक रिझोल्यूशन लावून दाखवते, दिसेल तिथे थांबा. आणि काहीही झालं तरी डबा टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका, बंद केल्यावरही आत जबरदस्त व्होल्टेज साठून राहतं.

वयस्कर माणसांसाठी सगळ्यात मोठी अडचण मात्र वायरची नाहीच. पावसात आमच्याकडे दिवसातून चार वेळा लाइट जाते, आली की टीव्ही परत चॅनेलवर सुरू होतो, समोर नुसत्या मुंग्या, आणि आईला वाटतं सगळं बिघडलं. टीव्हीच्या रिमोटवर एव्हीचं बटण दाबायचं असतं बस. पंधरा दिवस रोज फोनवर तेच सांगत होते, शेवटी गेले तेव्हा तिच्याच टिकल्यांच्या डबीतली लाल टिकली त्या बटणावर चिकटवून आले. त्यानंतर त्यासाठी फोन आला नाही.

आता आमच्याकडे काय ठरलं तर डबा टीव्ही आणि कन्व्हर्टर आतल्या खोलीत आईकडे राहिला, आणि बाबांना पडवीत नवा 32 इंची घेतला, फक्त मॅचसाठी. तुमच्या घरी बघणारं एकच माणूस असेल आणि गाणी, कीर्तन, जुने पिक्चर एवढंच बघत असेल तर साडेचारशेच्या डबीपलीकडे जाऊ नका. घेण्याआधी काही अडत असेल तर टीव्हीच्या मागचा फोटो दुकानात दाखवा, नुसतं "जुना टीव्ही आहे" असं सांगितलंत तर दुकानदार नव्याच टीव्हीकडे बोट दाखवणार.