युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस: दोन सत्रांनंतर

आधी एक गोंधळ मिटवते. युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस म्हणजे रिचर्डसनचं यूटी डॅलस (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास अ‍ॅट डॅलस) नव्हे. आपली बहुतेक मुलं तिथे असतात, म्हणून दर वेळी सांगावं लागतं. हे टेक्सासमध्ये डॅलसशेजारच्या अर्व्हिंग शहरातलं, १९५६ साली सुरू झालेलं, खासगी, कॅथलिक आणि लहानसं विद्यापीठ. डार्टच्या, म्हणजे डॅलसच्या लोकल रेल्वेच्या, ऑरेंज लाइनवर त्याच्याच नावाचं स्टेशन आहे.

इथे यायचं ते 'कोअर'साठी. तुमचा मुख्य विषय जीवशास्त्र असो की बिझनेस, साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास आणि धर्मशास्त्राचे ठरावीक अभ्यासक्रम करावेच लागतात. पहिल्या सत्रात होमर आणि व्हर्जिल, दुसऱ्यात दांते आणि मिल्टन, अशा महाकवींची महाकाव्यं. ग्रंथ अख्खा वाचायचा, भाषांतरातून का होईना. बारावीपर्यंत मी गाईडवर वाढलेली. पहिल्या निबंधात टीकाकारांची मतं ओळीनं मांडली, तर सरांनी समासात विचारलं, यात तुला स्वतःला काय दिसलं? दोन दिवस काही सुचेना. मग होमरच्या 'इलियड'चा शेवटचा भाग पुन्हा वाचला: ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला, त्याच हातांचं चुंबन घेतो. त्यावर वर्गात तासभर बोललो. नंतर जेवताना पुन्हा तेच, कारण समोर बसलेल्या केमिस्ट्रीच्या मुलानंही तेच वाचलं होतं. हे मला दुसरीकडे कुठे मिळालं असतं असं वाटत नाही.

आत्याची काळजी होती, "बाटवणार तर नाहीत ना गं?" मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाण्याची सक्ती नाही. बायबलचा अभ्यासक्रम मात्र कोअरमध्येच आहे, आणि त्यात गुण वाचनाला मिळतात, श्रद्धेला नाही. कम्युनिस्ट राजवटीमुळे हंगेरी सोडून आलेल्या सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या मठवासींनी सुरुवातीपासून इथे शिकवलं. त्यांचा मठ जवळच आहे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी सगळ्यांनी मांस सोडलेलं पाहून मला घरचा श्रावण आठवला.

कोअरचा पाया पाश्चात्त्य आहे. गीता किंवा तुकोबा त्यात शोधू नका. फी खासगी विद्यापीठाची आहे, तेव्हा शिष्यवृत्तीचं पत्र हातात आल्याशिवाय होकार कळवू नका.

पुढचं सत्र रोमजवळ, विद्यापीठाच्याच कॅम्पसवर. १९७० पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या वर्षी जातात. भारतीय पासपोर्टवर इटलीचा व्हिसा लागतो, म्हणून कागद आत्तापासूनच जमवायला घेतलेत.